पायाची जखम भरत नाही आणि आईने माणसांत जाणे सोडले आहे : घरच्यांनी कसे वागावे?

मिरजेची लेक, ठाणे

नमस्कार. माझी आई सत्तरीच्या घरात असून मिरजेला माझ्या भावाकडे राहते. तिने आयुष्यभर विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालवली आणि पहाटेपासून दुपारपर्यंत ओट्यापाशी उभे राहण्यात तिची उमेदीची सगळी वर्षे गेली. पायाच्या शिरा फुगलेल्या होत्याच. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला काहीतरी लागल्याचे निमित्त झाले, जखम चिघळली आणि ती अजून भरलेली नाही. मधुमेह नाही, पायातला रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर तपासणी झाली आहे, शिरांच्या विकारामुळे झालेली जखम असे निदान आहे आणि सर्जनकडे उपचार चालू आहेत. त्यामुळे कोणते औषध लावावे हे विचारण्यासाठी मी लिहीत नाही.

मला काळजी आहे ती आईच्या वागण्यात झालेल्या बदलाची. ज्या बाईने चाळीस मुलांची पंगत एकटीने सांभाळली, ती आता घरी कोणी आले की आतल्या खोलीत जाऊन बसते. भजनी मंडळ तिने सोडले, कारण तेथे सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसावे लागते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने 'पाय दुखतो' असे कारण सांगितले, पुतण्याच्या साखरपुड्यालाही तेच सांगितले. नात मांडीवर बसायला आली की ती तिला हळूच बाजूला करते. धुतलेल्या पट्ट्या ती गच्चीवरच्या दोरीवर कधीच टाकत नाही. मागच्या बोळातल्या तारेवर आधी पट्टी आणि तिच्यावर टॉवेल असे वाळत घालते, म्हणजे शेजारच्या खिडकीतून काही दिसू नये. खोलीत दिवसभर उदबत्ती जळत असते.

सर्वांत अवघड प्रश्न वासाचा आहे. दिवसातून अनेकदा ती वहिनीला, नातीला, मी गेले की मला विचारते, 'वास येतोय का गं?' आणि आम्ही सर्व जण 'नाही, अजिबात नाही' असे उत्तर देतो. वास येतो. पट्टी बदलण्याच्या आधी तर चांगलाच येतो. खरे सांगितले तर ती आणखी कोशात जाईल अशी भीती वाटते, आणि खोटे सांगतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही समाधान उमटते असेही नाही. ज्यांनी स्वतः अशी जखम सोसली आहे किंवा ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनी कृपया सांगावे, की अशा वेळी घरच्यांनी काय बोलावे, काय टाळावे आणि तिला पुन्हा माणसांत कसे आणावे.

निवृत्त वाहक, कराड

ताई, मी एस.टी.त वाहक होतो. दिवसभर हलत्या गाडीत उभे राहून माझ्याही पायाच्या शिरा निकामी झाल्या आणि निवृत्तीच्या आधीची काही वर्षे मी अशीच जखम पायावर बाळगून काढली. आता ती भरली आहे, तरी दाबाचे मोजे रोज घालावे लागतात. तुमच्या आईंच्या बाजूने उत्तर द्यावे म्हणून लिहीत आहे.

वासाबद्दल खरे सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या पायाला जखम आहे, त्याला तो वास सर्वांच्या आधी कळतो. भरल्या गाडीत तिकिटे देत मी पुढे सरकलो आणि मागच्या प्रवाशाने खिडकीची काच ओढली, तर तो उकाड्याने ओढत असेल हे मला बुद्धीला पटत असे, पण मनाला पटत नसे. घरी विचारले की सगळे नाही म्हणत. मग मन असा हिशेब करी, की वास इतका आहे की यांना बोलायचीही पंचाईत झाली आहे. घरच्यांच्या 'नाही'वरचा विश्वास एकदा उडाला, की ज्या दिवशी खरोखर वास नसतो त्या दिवशीचे 'नाही'सुद्धा वाया जाते. पुढे माझ्या थोरल्या मुलीने सरळ सांगायला सुरुवात केली. 'बाबा, आता येतोय, पट्टी भिजली आहे, बदलू या.' आणि पट्टी बदलून झाल्यावर ती शेजारी येऊन बसे व म्हणे, 'आता नाही.' या दुसऱ्या वाक्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवी, कारण पहिले वाक्य तिने गिळलेले नव्हते. त्या 'आता नाही'च्या जोरावर मी घराबाहेर पडू लागलो.

दुसरी गोष्ट भेटायला येणाऱ्यांची. प्रत्येक जण एक औषध घेऊन येतो. कोणी कोरफड सांगतो, कोणी तुरटीचे पाणी, कोणी सांगलीपलीकडच्या एखाद्या गावातला जडीबुटीवाला. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, परंतु ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच ऐकू येते, की इतके साधे उपाय असताना तुम्ही अजून बरे होत नाही, तेव्हा दोष तुमचाच असला पाहिजे. 'पथ्य पाळत नसाल', 'मागचे काही राहिले असेल, कुलदैवताला जाऊन या', 'भोग आहेत, भोगून संपवायचे' ही वाक्ये मी इतक्यांदा ऐकली, की शेवटी मीच दार उघडायचे टाळू लागलो. तुमच्या भावाने किंवा वहिनींनी पाहुण्याला दारातच नम्रपणे सांगावे, की उपचार चालू आहेत, आज पायाचा विषय नको, तुम्ही गप्पा मारायला बसा. रुग्णाला स्वतःला हे सांगता येत नाही; त्याच्या जागी दुसऱ्याने सांगितले तर ते चालते.

आणखी एक सांगतो, कारण हे कोणी बोलत नाही. जखम भरत आली की माणूस बेत करू लागतो. अमक्या लग्नाला जाऊ, पंढरीला जाऊन येऊ, शेतावर चक्कर मारू. आणि मग कुठेतरी पाय घासला जातो किंवा सूज वाढते आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडते. असे दोन-तीनदा झाले, की माणूस बेत करणेच थांबवतो. तुमच्या आई साखरपुड्याला गेल्या नाहीत याचे कारण केवळ लाज असेल असे मला वाटत नाही. ठरवायचे आणि मग ऐन वेळी रद्द करायचे, याचा जो कंटाळा येतो तो फार खोल असतो. म्हणून मोठ्या समारंभाचा आग्रह आता धरू नका. संध्याकाळी शेजारच्या एका मैत्रिणीने येऊन अर्धा तास बसणे, हे मोडले तरी फारसे बिघडत नाही आणि घडले तर दिवस वेगळा जातो.

पती-पत्नीविषयी येथे थोडक्यात लिहितो. जखम झाल्यापासून मी आमचे अंथरूण वेगळे केले. पत्नीने तसे कधीच सुचवले नव्हते, आणि तिला त्याचे किती वाईट वाटले हे मला पुष्कळ उशिरा कळले. तुमचे वडील हयात असतील, तर त्यांच्याशीही कोणीतरी बोलावे.

घरोघरी मलमपट्टी करणारी परिचारिका, पुणे

वरील उत्तर मला फार मोलाचे वाटले. माझे काम घरी जाऊन जुनाट जखमांची ड्रेसिंग करण्याचे आहे, त्यामुळे मी वास या विषयावरच आधी लिहिते. रुग्ण आणि नातेवाईक दोघेही त्याला नशिबाचा भाग समजून बसलेले असतात, आणि तो तसा नाही.

वास हे लक्षण आहे आणि त्याची कारणे शोधता येतात. जखमेतला मृत भाग काढलेला नसणे, प्राणवायूशिवाय वाढणारे जिवाणू त्यात वाढलेले असणे, आणि जखमेतून झिरपणाऱ्या लसीने भिजलेली पट्टी वेळेपेक्षा जास्त ठेवली जाणे, ही त्यातली नेहमीची तीन. शिरांच्या जखमेत लस फार वाहते, कारण पायातले रक्त वर नीट चढत नाही, शिरांतला दाब वाढतो, पायाला सूज राहते आणि ते पाणी जखमेवाटे बाहेर येत राहते. म्हणून अशा जखमेवर दाबपट्टी हाच उपचाराचा कणा आहे. नुसते क्रेप बँडेज सैलसर गुंडाळण्याला दाबपट्टी म्हणत नाहीत. पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, ठरावीक दाबाने, दोन किंवा अधिक थरांत ती बांधली जाते, आणि ती बांधण्याआधी पायाच्या रोहिण्यांतला, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्यांतला, रक्तप्रवाह पुरेसा आहे ना हे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहावे लागते, अन्यथा तीच पट्टी घातक ठरते. तुम्ही टॉवेलखाली वाळत घातलेल्या ज्या पट्ट्यांचे वर्णन केले आहे, त्या साध्या क्रेपच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. डॉक्टरांना विचारा, की दाबपट्टी चालू आहे का आणि नसल्यास का नाही. सूज उतरली की लस कमी होते, लस कमी झाली की वास कमी होतो, आणि वास कमी झाला की भजनी मंडळात जाण्याची हिंमत होते. मानसिक प्रश्नाची एक मोठी गाठ अशी बँडेजपाशी सुटू शकते.

वासासाठी मेट्रोनिडॅझोलचे जेल जखमेवर लावतात. कोळशाचा थर असलेली ड्रेसिंगही मिळतात. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी दिसते. त्याने झोंबते आणि नव्याने येणारी कोवळी त्वचाही जळते. उदबत्तीबद्दल माझे मत असे आहे, की ती बंद करावी. उदबत्तीचा वास आणि जखमेचा वास एकत्र होऊन जो तिसरा वास तयार होतो, तो अधिक त्रासदायक असतो, आणि घरात येणाऱ्याला उदबत्तीनेच कळते की काहीतरी झाकले जात आहे. खिडकी उघडी ठेवा. हळदीकुंकवासारखा प्रसंग असेल, तर पट्टी बदलण्याचा दिवस असा ठरवा, की ती त्याच सकाळी बदललेली असेल. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण बाहेर पडण्याचा निर्णय बहुतेक वेळा यावरच ठरतो.

आता पट्टी बदलण्याच्या त्या अर्ध्या तासाबद्दल. रुग्ण त्या वेळी जखमेकडे पाहत नाही, पट्टी सोडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. भुवई आक्रसली, श्वास रोखला, तोंड किंचित बाजूला वळले, हे सगळे टिपले जाते. म्हणून मी नव्याने शिकणाऱ्या मुलींना सांगते, की पट्टी सोडताना मोठ्याने बोलत राहा. जखमेची कड कालच्यापेक्षा गुलाबी दिसते का, आकार घटला का, पिवळा थर कमी झाला का, हे जे दिसते ते सांगत राहा. चेहऱ्याला काम मिळते आणि रुग्णालाही आपल्या पायाची बातमी मिळते. चिकटलेले गॉज कोरडे ओढून काढू नये. सलाईनने भिजवून, सुटेपर्यंत थांबावे. वेदना फार असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी आधी अर्धा तास द्यावी. आणि आई 'थांब' म्हणाल्या की हात थांबलाच पाहिजे. ज्या बाईंनी आयुष्यभर स्वयंपाकघराचा कारभार केला, त्यांना स्वतःच्या पायावर कोणाचा हात कधी पडावा एवढे ठरवण्याचा अधिकार राहिला, तर त्यांचे पुष्कळ दुःख हलके होते.

मन आणि जखम यांचा संबंध केवळ सांगोवांगीचा नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची रोज सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, असा भार नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच लहान जखम करून ती भरण्यास किती दिवस लागतात हे पाहण्यात आले. सेवेचा ताण असलेल्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी सुमारे ४९ दिवस लागले, इतरांना सुमारे ३९. ताणामुळे जखम भरण्याची प्रक्रियाच मंदावते. त्यामुळे आईंच्या मनाकडे लक्ष देणे हा पायाच्या उपचाराचाच भाग समजा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसे सांगा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, 'माझे आता काय राहिले आहे' अशी भाषा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

हा धागा मधुमेही रुग्णांचे नातेवाईकही वाचतील म्हणून त्यांच्यासाठी एक उल्लेख करते. पायाला पहिल्यांदाच जखम झालेल्या २५३ मधुमेही रुग्णांचा लंडनमध्ये अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य होते आणि पुढील १८ महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण नैराश्य नसलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळले. पायाला जखम झालेला मधुमेही माणूस गप्प गप्प राहू लागला, तर तो स्वभाव समजून सोडून देऊ नये.

आणि सर्जनना एक प्रश्न अवश्य विचारा : बिघडलेल्या शिरेवर लेसर किंवा तत्सम उपचार आताच करता येईल का? ब्रिटनमधील २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत दाबपट्टीबरोबर शिरेचा उपचारही लवकर केलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, तो उपचार लांबणीवर टाकलेल्यांमध्ये त्यासाठी ८२ दिवस लागले. प्रत्येकाला तो लागू पडेलच असे नाही, पण विचारायला हवे.

वऱ्हाडातला कुष्ठकार्यकर्ता

मी कुष्ठरोगाच्या क्षेत्रात काम करतो. आपल्या आईंना तो आजार नाही हे मला कळते, तरीही लिहितो, कारण न भरणाऱ्या जखमेकडे पाहण्याची आपल्या समाजाची जी नजर आहे, ती पुष्कळ अंशी याच आजाराने घडवली आहे. पायाला पट्टी, पट्टीतून लस, अंगाला वास, एवढे दिसले की शेजारी मनातल्या मनात निदान करून मोकळे होतात, आणि ते निदान तोंडावर कोणी बोलत नसल्यामुळे त्याचा इन्कारही करता येत नाही. तुमच्या आई टॉवेलखाली पट्ट्या का लपवतात, याचे एक कारण हे असू शकते. त्यांना विचारून पाहा, की लोक नेमके काय म्हणतील असे त्यांना वाटते. उत्तर 'महारोग' असे आले, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

ही भीती नुसत्या कुजबुजीपुरती नव्हती. जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती काढली गेली. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले, ते ज्या माणसांसाठी, त्यांना घरातून आणि गावातून बाहेर काढण्यात आले होते. सेवाग्रामला परचुरेशास्त्रींसारखे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित आले, तेही असेच सर्व दारे बंद झाल्यावर, आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी हेही दाखवून दिले, की या रुग्णांच्या हातापायांवरच्या जखमा मांस 'सडल्याने' होत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे चटका, खडा, घट्ट चप्पल काहीच कळत नाही आणि त्यातून जखम होते. जखमेला कारण असते आणि ते सांगता येते, ही साधी गोष्ट कळल्याने कित्येक रुग्णांचा स्वतःकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदललेला मी पाहिला आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की शेजाऱ्यांना जखमेचे नाव आणि कारण स्पष्ट सांगावे. 'आयुष्यभर उभे राहून शिरा बिघडल्या, त्याची जखम आहे, ती कोणाला लागत नाही.' एका वाक्याचे काम आहे. आईंनी सांगण्याची गरज नाही, तुमच्या वहिनींनी पाण्याच्या वेळी किंवा जिन्यात सहज सांगितले तरी पुरे. ज्यांनी खानावळीत जेवून शिक्षण पूर्ण केले अशी माणसे मिरजेत असतीलच; आपल्याला जेवू घालण्यात ही जखम झाली आहे हे त्यांना कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे बधिर पायांच्या रुग्णांचे स्वकाळजी गट चालतात. दहा-बारा जण घमेल्यांत पाय बुडवून एकत्र बसतात, त्वचा मऊ झाल्यावर जाड कातडे घासतात, तेल लावतात आणि एकमेकांचे तळवे तपासतात. शिरांच्या जखमेला ही कृती चालणार नाही, त्यामुळे तिचे अनुकरण करू नये. मी ती सांगितली ती तेथील बोलण्यासाठी. घरात तोंड न उघडणारा माणूस तेथे दुसऱ्याच्या पायाकडे बोट दाखवून 'ही चप्पल बदला' असे अधिकाराने सांगत असतो.

परदेशस्थ मराठी, सफोक, इंग्लंड

वरच्या शेवटच्या परिच्छेदावरून आठवले म्हणून लिहिते. मी राहते त्या सफोक परगण्यात एली लिंडसे या परिचारिकेने १९९५ मध्ये असाच विचार करून 'लेग क्लब' सुरू केला. तिच्या पाहण्यात असे येत होते, की पायाला जखम असलेली वृद्ध माणसे घरात एकटी पडतात, आणि परिचारिका पट्टी बदलून गेली की पुढच्या भेटीपर्यंत त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. म्हणून तिने उपचार गावच्या सभागृहात आणले. आधी वेळ ठरवावी लागत नाही, सर्वांवर एकाच खोलीत उपचार होतात, चहा असतो, आणि येणाऱ्यांना रुग्ण न म्हणता सभासद म्हणतात. जखम भरल्यावरही ते येत राहतात, त्यामुळे पुन्हा सूज आली तर लवकर कळते. ऑस्ट्रेलियात अशाच पद्धतीची ६७ जणांवर चाचणी झाली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. घरी एकट्याने उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत क्लबमध्ये येणाऱ्यांच्या जखमा, वेदना आणि मनःस्थिती या तिन्हींत अधिक सुधारणा दिसली.

माझ्या शेजारच्या आजी तेथे जातात. मी त्यांना सोडायला गेले होते तेव्हा मला सर्वांत जास्त नवल याचे वाटले, की तेथे पट्ट्या सोडलेले पाय समोर असताना माणसे क्रिकेटविषयी बोलत होती. कोणी नाक झाकत नव्हते आणि कोणी कोणाची क्षमा मागत नव्हते.

मिरजेत असा क्लब नसेल. परंतु एकाच सर्जनकडे एकाच वारी पट्टीसाठी येणाऱ्या दोन-तीन बायका तर नक्की असतील. बाह्यरुग्ण विभागात त्यांची गाठ घालून द्यावी, एकमेकींचे फोन घेऊ द्यावेत. मिरजेत दवाखाने पुष्कळ आहेत, त्यामुळे तेथे हे अवघड जाऊ नये.

मिरजेची लेक, ठाणे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. वडील हयात नाहीत. भावाशी फोनवर बोलले. पट्ट्या साध्या क्रेपच्याच आहेत. दाबपट्टीविषयी आणि शिरेच्या उपचाराविषयी येत्या भेटीत विचारणार आहोत. आईला काल फोनवर विचारले, की लोक काय म्हणतील असे तुला वाटते. बराच वेळ ती काही बोलली नाही आणि नंतर म्हणाली, 'पलीकडच्या आळीतल्या एका बाईला आम्ही लहानपणी दगड मारायचो, तिच्या पायाला अशीच चिंधी असायची.' हे तिने आजवर कोणालाही सांगितले नव्हते.

दोन गोष्टी राहिल्या. आई देवघरात जात नाही. वाहती जखम असताना देवाला शिवू नये, असे तिचे म्हणणे आहे आणि त्यावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. दुसरे म्हणजे, पट्टी रोज माझी वहिनी बदलते आणि प्रत्येक वेळी आई तिची क्षमा मागते. वहिनी 'असू द्या हो आई' म्हणते, पण हल्ली तीही फार थकलेली दिसते आणि फोनवर पूर्वीसारखी बोलत नाही.

निवृत्त वाहक, कराड

देवघराबद्दल वाद घालू नये हे तुम्ही बरोबर ठरवले आहे. त्यांचा नियम त्यांना पाळू द्या, पण पूजा थांबू देऊ नका. आमच्या आईचा हात मोडला होता तेव्हा नातू देवांना पाणी घाली आणि ती लांब खुर्चीवर बसून त्याला क्रम सांगे. फुले निवडणे, वाती वळणे, आरती म्हणणे याला देवाला शिवावे लागत नाही. पाय उंच ठेवून खुर्चीवर बसून हे सगळे होते, आणि पाय उंच ठेवणे तर डॉक्टरांनीही सांगितलेले असते. भजनी मंडळातील एक-दोन बायकांना आठवड्यातून एकदा घरीच बोलवा. सतरंजीचा प्रश्न मिटेल.

सासऱ्यांची शुश्रूषा केलेली सून, नाशिक

मी फक्त तुमच्या वहिनींविषयी लिहिते, कारण या संपूर्ण चर्चेत त्या पट्टी बदलतात, शेजाऱ्यांना सांगतात, पाहुण्यांना अडवतात, आणि त्यांच्याविषयी पहिले वाक्य तुम्ही आत्ता लिहिले आहे. परिचारिकाताईंनी ज्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यात जखम ज्यांची उशिरा भरली त्या स्त्रिया सेवा करणाऱ्या होत्या, हे लक्षात घ्यावे.

माझ्या सासऱ्यांना पाठीला बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, झाले होते आणि ते मी सांभाळले. काम अवघड होते, तरी कामाने मी खचले नाही. रोजच्या क्षमायाचनेने खचले. ती ऐकल्यावर प्रत्येक वेळी त्यांचीच समजूत घालावी लागे आणि माझ्या थकव्याला घरात कोठेही जागा उरत नसे. पट्टीच्या वासाने माझी जेवणावरची इच्छा जात असे, हे मी कोणाला सांगणार होते?

तुम्ही ठाण्यात आहात, तरी करण्यासारखे पुष्कळ आहे. पट्टी बदलायला आठवड्यातून दोन-तीन वेळा परिचारिका लावा आणि तिचे पैसे तुम्ही द्या. योग्य दाबपट्टी सुरू झाली तर ती बहुधा रोज बदलावीही लागणार नाही, तेही डॉक्टरांना विचारून घ्या. उरलेल्यांपैकी एक वार भावाने घ्यावा. मुलाने आईच्या पायाची पट्टी बदलू नये असा कोठे नियम नाही, आणि आईही त्याच्याजवळ तितक्यांदा क्षमा मागणार नाहीत. परिचारिकेने त्याला एकदा समोर बसवून शिकवले की होते. तुम्ही मिरजेला जाल तेव्हा तुमच्या मुक्कामात पट्टी तुमच्याकडे आणि वहिनी माहेरी, असे आधीच ठरवून ठेवा. आणि वहिनींना फोन कराल तेव्हा सुरुवातीला आईंची चौकशी करू नका. त्यांची करा, उत्तर येईपर्यंत थांबा, आणि त्या 'ठीक आहे' म्हणाल्या तर पुन्हा एकदा विचारा.